कुणाचा तरी आजा

राजाचा वंशपारखी विथीकोमला येणार अशी वर्दी आली आणि अँब्रोज हॅलेटने घरातली सगळी चांदी घासून घेतली, दारावरच्या ढालीतले तीन बगळे नव्याने रंगवून घेतले, आणि आपल्या म्हाताऱ्या आत्याला बजावून ठेवलं की पाहुण्यांसमोर पिंपाचा विषय काढायचा नाही.

"कुठल्या पिंपाचा रे?" पेट्रोनेलआत्या अगदी साळसूदपणे म्हणाली.

"तुला ठाऊक आहे कुठल्या ते."

"मला मेलीला काय ठाऊक? घरात पिंपं काय थोडी आहेत? सफरचंदाच्या दारूचं आहे, खारवलेल्या माशांचं आहे..."

"आत्या, हात जोडतो तुला."

"बरं बाबा, नाही काढत." आत्या म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून हसली. नव्वदीला टेकली होती ती. दात गेले होते, गुडघे गेले होते, पण कान असे तिखट की परसात कोंबडीने अंडं दिलं तर स्वयंपाकिणीच्या आधी हिला कळायचं. घरात कोण काय कुजबुजतंय ते आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या तिला ऐकू येई, आणि नको तेव्हा ती ते बोलून दाखवी. अँब्रोजला खरी धास्ती होती ती तिची.

वंशपारख्याची धास्ती तर गावातल्या प्रत्येक बऱ्या घराला होती. पिढीतून एकदा राजा आपली माणसं परगण्यात धाडतो. ती दारावर घराण्याची खूण म्हणून लावलेल्या ढाली बघतात, चर्चमधली थडगी बघतात, बाप कोण, आजा कोण विचारतात, आणि खरे कुलवंत कोण व नुसतेच पैसेवाले कोण ते निवडून काढतात. जो या चाळणीतून पार पडला त्याची वंशावळ राजाच्या दप्तरी जाते. जो गळला त्याच्या नावाने बाजाराच्या दिवशी भर चौकात घंटा वाजवून दवंडी पिटतात, की हा मनुष्य कुलवंत नव्हे, यापुढे याला कुणी साहेब म्हणू नये आणि याने दारावर ढाल लावू नये. मागल्या खेपेला शेजारच्या गावच्या एका धान्यवाल्यावर ही पाळी आली. तो जो घरात शिरला तो सुगी संपेतो बाहेर पडला नाही, आणि गावची कार्टी अजून त्याच्या नातवाला बघितलं की तोंडाने घंटा वाजवतात. तेव्हा अँब्रोज ऐन तारुण्यात होता. ती घंटा त्याच्या कानात जी बसली ती बसलीच.

तसं घाबरायचं कारण नव्हतं. विथीकोमच्या चर्चमध्ये उत्तरेच्या कोपऱ्यात एक दगडी सरदार उताणा पडलेला होता. अंगात साखळ्यांचं चिलखत, पायावर पाय, छातीशी हात जोडलेले आणि कुशीला ढाल. ढालीवर तीन बगळे. अँब्रोजचे वडील गिल्बर्ट यांनी त्याला लहानपणीच सांगितलं होतं, की हा आपला मूळपुरुष. पुढे घराण्याला वाईट दिवस आले, जमीन गेली, म्हणून तुझ्या आजोबाला कापड कुटावं लागलं. गिल्बर्टनी लोकरीच्या व्यापारात बक्कळ पैसा केला, मोठं घर बांधलं, दारावर सरदाराचे बगळे लावले आणि चर्चमध्ये सरदाराला लागून पुढचं बाक मिळवलं. अँब्रोज जन्मभर त्या बाकावर बसला. लांबलचक प्रवचनात तो सरदाराच्या नाकाकडे बघायचा आणि त्याला ते नाक अगदी आपल्यासारखं वाटायचं. सरदाराचं नाक खरं म्हणजे निम्मं तुटलेलं होतं.

आणि आजोबा? आजोबांवर त्याचा जीव होता. जेंकिन हॅलेट. नदीवरच्या गिरणीत पाण्याच्या जोरावर लाकडी हातोडे उचलले जात आणि धबाधब विणलेल्या लोकरीवर पडत; ते कापड चाळवत, उलथंपालथं करत म्हातारा दिवसभर ओल्यात उभा असे. पाण्याने आणि धुण्याच्या मातीने त्याचे हात कायम पांढरेफटक, सुरकुतलेले आणि बाळाच्या गालासारखे मऊ. त्या हातांनी तो छोट्या अँब्रोजचे डोळे झाकायचा आणि बोटांत कापड द्यायचा. "सांग बघू, कुठल्या मेंढीचं? डोंगरातल्या की कुरणातल्या?" बरोबर सांगितलं की खिशातलं सफरचंद मिळायचं. चुकलं तरी मिळायचं.

राहता राहिलं पिंप. लोकरीचं तेलकटपण काढायला पाण्यात जे घालावं लागतं ते माणसाच्याच अंगातून येतं, आणि जितकं शिळं तितकं ते गुणकारी. म्हणून जेंकिन रोज सकाळी गाडीवर पिंप घालून दारोदार फिरायचा आणि गावच्या बायका रात्रीची लघवीची भांडी त्यात रिकामी करायच्या. गिल्बर्टच्या मोठ्या घरात पाहुणे आले की म्हाताऱ्याला मागच्या दाराने आत घेत. त्याला त्याचं काही वाटत नसे. तो स्वयंपाकघरात बसून नातवाला मांडीवर घेई आणि आपली भाकरी-चीज खाई. तो गेला तेव्हा अँब्रोज लहान होता. त्याला चर्चच्या उत्तरेला, भिंतीबाहेर, बाकीच्या गरीबगुरिबांबरोबर पुरलं. दगड काही कुणी लावला नाही.

वंशपारखी आला तो शुक्रवारी दुपारी. फॉड्री नावाचा गोल गरगरीत गृहस्थ होता. घोड्यावर बसून बसून इतका शेकला होता की खुर्चीत बसताना त्याने दोन उशा मागून घेतल्या. अँब्रोजची बायको थॉमसिन हिने पारव्यांचं मांस घातलेली खुसखुशीत कचोरी केली होती, नदीतल्या बाम माशाचं कालवण होतं, तळघरातलं जुनं चीज काढलं होतं. गळ्याभोवती चुण्याचुण्यांची ताठ कॉलर बांधून ती इतकी अवघडून बसली होती की तिला मान वळवून पाहुण्याकडे बघता येईना.

"वा, वा, वहिनीसाहेब," फॉड्री तिसऱ्यांदा चीज घेत म्हणाला, "असं चीज असलेलं घर खानदानी नसेल तर दुसरं कुठलं असणार?"

अँब्रोजचा जीव भांड्यात पडला. आत्या पलीकडे खुर्चीत बसून सूप भुरकत होती. तिने आख्ख्या जेवणात चकार शब्द काढला नाही. त्यामुळे खरं तर तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

जेवण झाल्यावर मंडळी चर्चमध्ये निघाली. "मलाही घेऊन चला," आत्या म्हणाली. "त्याला बघून फार दिवस झाले." नाही म्हणायची सोय नव्हती. दोन गड्यांनी तिला खुर्चीसकट उचललं.

फॉड्रीने सरदाराभोवती एक फेरी मारली. वाकून ढाल बघितली, चिलखताच्या कड्यांवरून बोट फिरवलं. "उत्तम काम. मॉन्ड्रेल घराणं. फार जुनं. तीन बगळे त्यांचेच. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पुरुष असावा हा." मग तो आत्याकडे वळला. "आजी, तुम्ही तर यांना लहानपणापासून ओळखत असाल."

"ओळखते म्हणजे? मी याच्या पाठीवर बसून आलेय."

"क्काय?"

"वय झालंय तिचं," अँब्रोज घाईघाईने म्हणाला.

फॉड्री समजुतीने हसला आणि त्याने आपली लेखणी काढली. "तर तुमचे वडील गिल्बर्ट. आणि त्यांचे वडील?"

"जेंकिन."

"ते काय करायचे?"

"त्यांची गिरणी होती. कापडाची."

"मालक होते तर."

"मालकच. म्हणजे... मालक होते आणि स्वतः कुटायचेही."

फॉड्रीची लेखणी थांबली. "स्वतः? हातांनी?"

"आणि पिंपाची गाडीही स्वतःच हाकायचा," आत्या म्हणाली.

"कसलं पिंप?"

अँब्रोजच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग आत्यानेच खुलासा केला, आणि तो तिने जरा तपशीलवार केला.

फॉड्री वाईट माणूस नव्हता. त्याने लेखणी बाजूला ठेवली, अँब्रोजला दंडाला धरून खिडकीपाशी नेलं आणि हलक्या आवाजात समजावलं. "हे बघा हॅलेटसाहेब, कापडकुट्या मध्ये आला की सगळा धागा तुटतो. हातांनी काम करणाऱ्याचा नातू कुलवंत ठरवता येत नाही मला. पण तुमच्यासारख्यांची दवंडी पिटायला मला तरी कुठे हौस आहे? ऐका. या मॉन्ड्रेल घराण्याचा शेवटचा धाकटा मुलगा कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही. तो इथे आला. गिल्बर्ट त्याचे चिरंजीव, तुम्ही त्याचे नातू. थडगं इथे आहे, बगळे तुमच्या दारावर आहेत, कोण नाही म्हणतंय?"

"आणि जेंकिन?"

"जेंकिन कोण? असेल तुमच्या वडिलांच्या पदरी एखादा कुटणारा. त्याचं नावही घ्यायचं कारण नाही." त्याने अँब्रोजच्या खांद्यावर थोपटलं. "उद्या सकाळी इथेच यायचं, सरदारावर हात ठेवायचा आणि मी सांगतो ते शपथेवर म्हणायचं. साक्षीला घरातलं सर्वांत वडील माणूस लागतं. आजींना जरा सांभाळून आणा म्हणजे झालं."

अँब्रोजने मोठा सुस्कारा सोडला. खोटं कशाला सांगा, त्याला त्या क्षणी फक्त बरं वाटलं. घंटा वाजणार नव्हती.

घरी आल्यावर थॉमसिनने गळ्यातली कॉलर सोडली आणि ती आनंदाने रडली. अँब्रोज बागेत गेला. सफरचंदाच्या झाडाखाली उन्हात आत्याची खुर्ची मांडून दिली होती. तो तिच्या पायांशी गवतावर बसला, लहानपणी बसायचा तसा.

"आत्या, उद्या तुला साक्ष द्यायची आहे."

"ऐकलं मी."

"तू खिडकीपासून इतक्या लांब होतीस!"

"असेन. तरी ऐकलं." तिने शालीत हात गुंडाळले. "देईन की साक्ष. माझं काय राहिलंय आता? तुला सुख होत असेल तर मी त्या फॉड्रीलाही आपला मामा म्हणेन. पण तो दगड कुठून आला ते एकदा ऐकून घे, मग काय ती शपथ घे."

"कुठून आला म्हणजे? तो आपला..."

"तुझ्या बापाने सांगितलेलं सोड. तुझा बाप तेव्हा जन्मायचा होता. मी होते."

आणि आत्याने सांगितलं. म्हाताऱ्या हेन्री राजाने मठ मोडले, संन्यासी हाकलून दिले आणि मठांचा दगड गाडीच्या मापाने विकायला काढला, तेव्हाची गोष्ट. त्याच हिवाळ्यात गिरणीच्या बांधाला भगदाड पडलं. बांध गेला की पाणी गेलं, पाणी गेलं की हातोडे गप्प. जेंकिनने पिंप उतरवून ठेवलं, गाडी धुतली, पोरीला पुढे बसवलं आणि मठ गाठला. पडझडीतून निवडून दगड भरले. त्यात एक लांबरुंद शिळा होती, सपाट, चुन्याने माखलेली. तिच्यावर गोणपाट टाकून त्याने पोरीला बसवलं.

"येताना मी त्याच्यावरच झोपलेसुद्धा," आत्या म्हणाली. "बांधापाशी आल्यावर बापाने पहार लावून शिळा उलटी केली. बघतो तर खाली तोंड! डोळे, मिशा, हात जोडलेले. बाप चटकन मागे सरकला. म्हणाला, 'पेट्रो, अगं हा तर माणूस आहे.' गडी म्हणाले, जेंकिन, दगड तो दगड, ढकल आत. भगदाडात बरोब्बर बसला असता रे तो, मापाने कापल्यासारखा. पण बाप नुसता बघत उभा राहिला. मग म्हणाला, 'नको. कुणाचा तरी आजा असेल. असा पाण्यात तोंड बुडवून कसा ठेवायचा?'"

अँब्रोजने गवताची एक काडी उपटली.

"मग भगदाडात आमच्या घराची मागची भिंत गेली. तो हिवाळा आम्ही गोणपाटाआड काढला. आई बापाला इतकं बोलली, इतकं बोलली! आणि बाप आपला त्या दगडाला गिरणीच्या मातीने घासतोय, कापड घासतात तसा, नखांतला चुनासुद्धा काडीने काढतोय. मग पाद्रीबाबांकडे जाऊन टोपी काढून म्हणाला, याला छपराखाली थोडीशी जागा द्या. त्यांनी तो कोपरा दिला."

"आणि बाबा जे सांगायचे..."

"गिल्बर्टने पैसा केला. मग त्याला आजा हवासा झाला. चर्चमध्ये एक बिनमालकीचा पडलेला होता, तो घेतला." आत्याने डोळे मिटले. "चांगला होता तुझा बाप. पण बाप बदलायची त्याला घाई फार."

अँब्रोज उठला तो थेट नदीवर गेला. गिरणी आता त्याचीच होती. हातोडे पडत होते. त्याला बघून कामगारांनी टोप्या काढल्या आणि साहेबांना वाट करून दिली. तो बांधावर उभा राहिला. बांधाच्या मधोमध काही दगड वेगळेच होते, एका बाजूने धुराने काळे. चुलीमागच्या भिंतीचे. जन्मभर तो या बांधावरून गेला होता, ते काळे का आहेत हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

परतताना तो चर्चच्या उत्तरेला गेला. तिथे गुडघाभर गवत होतं, एक मेंढी चरत होती. आजोबांना नक्की कुठे ठेवलं ते त्याला आठवेना. इथे असावं, असं म्हणून तो जरा थांबला. मग वाटलं, नाही, तिथे. दोन्ही जागी तो टोपी काढून उभा राहिला. त्याला रडू फुटलं, आणि मेंढीशिवाय कुणी नव्हतं म्हणून त्याने ते आवरलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉड्री कागद पसरून तयारच होता. आत्या खुर्चीत, थॉमसिन पुन्हा त्या कॉलरमध्ये. अँब्रोजने सरदाराच्या जोडलेल्या हातांवर आपला हात ठेवला. दगड गार होता. जवळून बघितलं तर नखं खरंच स्वच्छ होती.

"म्हणा," फॉड्री म्हणाला, "माझे आजोबा..."

"माझे आजोबा जेंकिन हॅलेट," अँब्रोज म्हणाला. "कापडकुटे. विथीकोमच्या गिरणीवर."

"हॅलेटसाहेब, आपलं ठरलं होतं."

"हो, ठरलं होतं. चूक माझी. हा सरदार कुणाचा तरी आजा आहे, पण माझा नव्हे. माझा बाहेर गवतात आहे."

थॉमसिनच्या तोंडून "अहो!" एवढंच निघालं.

फॉड्रीने लेखणी खाली ठेवली. "दवंडी पिटावी लागेल. आजच. आज बाजार आहे. कळतंय ना?"

"कळतंय." अँब्रोजने सरदाराचाच आधार घेतला. "एक मागणं आहे. दवंडीत नुसतं माझं नाव नको. कापडकुटे जेंकिन हॅलेट यांचा नातू, असं घाला."

"लोक मला हळू आवाजात पिटा म्हणून सांगतात," फॉड्री म्हणाला. "जास्तीचं नाव घाला म्हणणारे तुम्ही पहिलेच." तो कागदाची गुंडाळी करू लागला, आणि खरोखरच त्याला वाईट वाटलेलं दिसलं. "मॉन्ड्रेलच्या त्या धाकट्या मुलाचं मी काल झोपण्यापूर्वी लग्नसुद्धा लावून टाकलं होतं हो. चांगल्या घरची मुलगी बघितली होती."

आत्या मोठ्याने हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि आपली काठी पुढे करून अँब्रोजच्या पोटरीवर हळूच मारली. लाडात आली की ती असंच करायची.

घरी जाताना थॉमसिन निम्म्या वाटेपर्यंत दोन पावलं पुढे चालत होती. अँब्रोज मनातल्या मनात शब्द जुळवत होता, तेवढ्यात तीच म्हणाली, "म्हणजे आता ते पुढचं बाक गेलं."

"गेलं."

"दारावरचे बगळे पण."

"ते पण."

"आणि ही कॉलर? ही फक्त साहेबांच्या बायकांनीच घालायची असते ना?"

"तसंच काहीसं आहे."

तिने तिथेच रस्त्यात उभं राहून कॉलर सोडली, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि ती कॉलर त्याच्या हातात दिली. "आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" ती म्हणाली. तिचे डोळे ओलेच होते, पण चाल हलकी झाली होती.

दुपारी चौकात बाजार भरला. नेड बिडगूड घंटा घेऊन दगडी खांबाच्या पायरीवर चढला. दवंडी पिटणारा हा नेड अँब्रोजचा लहानपणचा सवंगडी. दोघांनी मिळून गिरणीच्या बांधावर बाम मासे धरले होते. पण गेली कित्येक वर्षं नेड त्याला साहेब म्हणत होता आणि अँब्रोज मान हलवून पुढे जात होता. हातातला कागद वाचून नेडचं तोंड उतरलं. त्याने गर्दीत अँब्रोजला शोधलं. अँब्रोज आत्याच्या खुर्चीशेजारी उभा होता. त्याने मान हलवली: हं, होऊन जाऊ दे.

घंटा वाजली. तीच घंटा.

"ऐका हो ऐका! राजाच्या हुकमाने! विथीकोमचे अँब्रोज हॅलेट, कापडकुटे जेंकिन हॅलेट यांचे नातू, हे कुलवंत नव्हेत! यापुढे यांना कुणी साहेब म्हणू नये, यांनी दारावर ढाल लावू नये हो!"

अँब्रोज खाली बघत लोकांच्या हसण्याची वाट बघू लागला.

"जेंकिन?" लोणी विकणारी एक म्हातारी म्हणाली. "म्हणजे पिंपवाला जेंकिन?"

"तोच," अँब्रोज म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्याहून बरा निघाला.

"अगंबाई! माझी आई उशिरा उठायची. तो बिचारा दाराशी थांबून शीळ घालायचा. आणि माझ्यासाठी सफरचंद असायचं त्याच्या खिशात."

"आमच्याकडेही थांबायचा," दुसरं कुणी म्हणालं. "माझ्या बापाला त्यानेच ओढून काढलं होतं बांधाच्या पाण्यातून."

तेव्हा कुठे हशा पिकला, आणि तो नेडने पिकवला. "अहो, बघता काय? या गावात एक घर दाखवा ज्याने त्या पिंपात भर घातली नाही! हॅलेटांशी आपला किती जुना घरोबा आहे!" लोक पोट धरधरून हसले. अँब्रोजही हसला. नेड पायरीवरूनच ओरडला, "काय रे अँब्रोज, आता तरी येशील का संध्याकाळी मासे धरायला?"

"येतो की," अँब्रोज म्हणाला. हे इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

गर्दी पांगायला लागली. तेवढ्यात आत्याने काठी फरशीवर आपटली.

"ए नेड! मला नीट ऐकू नाही आलं."

अँब्रोजने वळून तिच्याकडे पाहिलं. भिंतीपलीकडचं कुजबुजणं ऐकणारी ही बाई. ती त्याच्याकडे बघत नव्हती. समोर, घंटेकडे बघत होती. दोन्ही हातांनी तिने काठी घट्ट धरली होती.

"आजी, एकदा झालं म्हणजे झालं," नेड म्हणाला. "राजाचा हुकूम एकदाच सांगायचा असतो."

"म्हातारीचे कान गेलेत रे. मधलं तर काहीच कळलं नाही. कुणाचा नातू म्हणालास?"

नेडने अँब्रोजकडे बघितलं. अँब्रोजने टोपी काढली आणि छातीशी धरली. ते बघून लोणीवालीच्या शेजारच्या माणसानेही काढली, आणि मग आणखी काहींनी.

नेड बिडगूड पुन्हा पायरीवर चढला. त्याने घसा साफ केला आणि जोरात घंटा वाजवली.